शाळेबाहेरच्या लेकरांनाही घरीच शिकवता येतं कॉम्प्युटर. जुना लॅपटॉप आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरे

छत्रपती संभाजीनगर, ग्रामीण प्रतिनिधी : मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. साधारण २०१८ च्या आधीच्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ कंपनीच्या नियमाने बसत नाही. त्यामुळं ऑफिसं, कॉलेजं, बँका आपले चांगले चालणारे लॅपटॉप आणि डेस्कटॉप मोडीत काढायला लागल्यात. हे मशीन जुन्या मालाच्या दुकानात येतंय. भाव ठरलेला नसतो, बैलबाजारासारखी घासाघीस करावी लागते. पण ज्या घरात शाळेत न जाणारं लेकरू आहे, त्या घरानं या मालाकडं जरूर बघावं. कारण या मशीनला विंडोजची गरजच नाही.

घरी शिकणारी लेकरं म्हणलं की आपल्याला पुण्या-मुंबईची सुशिक्षित घरं आठवतात. तिथं आईवडील ठरवून मुलांना शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात, त्याला होमस्कूलिंग म्हणतात. आपल्या तालुक्यांत ठरवून असं करणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. पण न ठरवता घरी राहिलेली लेकरं कमी नाहीत. कुणाला लांबचा आजार, कुणाला चालता येत नाही, कुणाची वस्ती शाळेपासून लांब आणि मधी नदी. कुणी ऊसतोडीला आईबापासोबत सहा महिने गेलं आणि परत आल्यावर वर्गात बसायला लाजलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. शाळा चालू असेल तर हा लेख वाचून लेकरू शाळेतून काढू नका. मुलीला सातवीनंतर घरी बसवायचं, भाकरी थापायला लावायची आणि कुणी विचारलं तर 'घरीच शिकवतो' म्हणायचं, याला होमस्कूलिंग म्हणत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या लेकराला वयाप्रमाणे थेट त्या वर्गात प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. ही वाट आधी बघा. ती खरंच बंद असेल, किंवा तुम्ही जाणूनबुजून घरी शिकवायचं ठरवलं असेल, तर पुढं वाचा.

मोफत आणि मुक्त यात फरक आहे

आपल्याकडं जुनं मशीन घेतलं की दुकानदार म्हणतो, 'विंडोज टाकून देतो, पैसे नका देऊ.' ही बहुतेक वेळा चोरीची कॉपी असते. फुकटात मिळाली तरी ती तुमची होत नाही. आत काय चाललंय ते बघता येत नाही, अपडेटचा भरवसा नसतो आणि व्हायरस सोबत येतो तो वेगळाच.

मुक्त सॉफ्टवेअर ही वेगळी जात आहे. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पाकिटातलं संकरित बियाणं दर वर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं धरून पेरलं तर तसं येत नाही. देशी वाणाचं बी मात्र राखून ठेवता येतं, पुन्हा पेरता येतं, भावकीत देता येतं, निवड करून सुधारताही येतं. मुक्त सॉफ्टवेअर देशी वाणासारखं. ते वापरायची, आतून बघायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची चारही मोकळीक लेखी परवान्यानं दिलेली असते. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू नावाचं हे काम जाहीर केलं. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहायला घेतलं. दोन्ही एकत्र आले आणि पूर्ण कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम तयार झाली. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातसुद्धा लिनक्सच आहे.

शिकणाऱ्या लेकरासाठी यातली 'आतून बघायची' मोकळीक सगळ्यात मोलाची. ज्या पोरानं मोटारीचा स्टार्टर उघडून बघितलाय, त्याला तो दुरुस्त करायची भीती वाटत नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच.

केरळ सरकारनं वीसेक वर्षांपूर्वीपासून सरकारी शाळांत लिनक्स आणि मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकवायला घेतला. तिथली खेड्यातली पोरं त्यावरच शिकून मोठी झाली. म्हणजे हे काही जगावेगळं खूळ नाही.

सातवीत शाळा सोडली आणि एमआयटीत गेली

याचं आपल्या राज्यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे मुंबईची मालविका जोशी. सातवीत असताना आईनं तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. नोकरी सोडून आईनं स्वतः अभ्यासक्रम आखला. मालविकाला प्रोग्रामिंगची गोडी लागली. प्रोग्रामिंगची जागतिक शालेय स्पर्धा असते, तिला इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फॉर्मॅटिक्स म्हणतात. त्यात तिनं भारतासाठी तीन पदकं आणली, दोन रौप्य आणि एक कांस्य. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं तिला प्रवेश दिला.

आता या बातमीतला कमी छापला गेलेला भाग. तिला आयआयटीत जाता आलं नाही, कारण तिथं बारावी पास लागते आणि तिच्याकडं बारावी नव्हती. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं मात्र तिची तयारी बघून दार उघडलं. ज्या पोरीला जगानं मान दिला तिला घरच्या नियमानं अडवलं, तर आपल्या लेकरांचं काय होईल ते ओळखा. म्हणून परीक्षेची वाट सोडू नका. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आणखी एक. या जागतिक स्पर्धेत पोरं ज्या कॉम्प्युटरवर बसतात त्यावर उबंटू लिनक्स असतं आणि सी प्लस प्लसचे प्रोग्राम चालवायला जीसीसी नावाचा कंपायलर असतो. तो स्टॉलमन यांनीच १९८७ मध्ये आणला. दोन्ही मुक्त. जगातली हुशार पोरं ज्या अवजारानं काम करतात, तेच अवजार एक रुपया न देता वस्तीवरच्या लॅपटॉपवर बसवता येतं.

मशीन तयार कसं करायचं

४ जीबी रॅम असलेला, ६४ बिट प्रोसेसरचा कुठलाही लॅपटॉप चालतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असेल तर मशीन पळतं. लिनक्सचे बरेच प्रकार आहेत. नवशिक्यानं लिनक्स मिंट घ्यावं, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं रूप जुन्या मशीनला बरं पडतं. त्याची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. मोबाइलचा रोजचा नेट एका दिवसात पुरणार नाही. तेव्हा वायफाय असलेल्या ठिकाणी किंवा सेवा केंद्रावर विनंती करून उतरवून घ्या आणि तिथंच आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवून घ्या. नुसती कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा एचर अशा मोफत प्रोग्रामनं ती फाइल पेनड्राइव्हवर लिहावी लागते.

मग पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करायचं आणि लगेच एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबायचं. कंपनीनुसार बटण बदलतं. पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या डिस्कला हात न लावता. आवाज येतो का, वायफाय लागतं का, सगळं तपासून बघा. मग बसवायचं ठरवा. बसवताना डिस्क पुसली जाते, म्हणून लग्नाचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ आधी बाजूला काढून ठेवा. आणि एकदा बसलं की तोच पेनड्राइव्ह शेजाऱ्याला द्या. यात चोरी नाही, परवान्यातच तशी मुभा आहे.

शिकवायचं काय, कुठून

सुरुवात कॉम्प्युटर बंद ठेवूनच करावी, असं माझं मत. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या मास्तरांनी 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड' म्हणून खेळ तयार केलेत. त्यातले दोन आपल्या ओट्यावर सहज होतात.

पहिला खेळ पुठ्ठ्यांचा. पाच तुकडे घ्या. त्यावर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढा. तुरीचे दाणे चिकटवले तरी चालतं. तुकडा उघडा ठेवला तर मोजायचा, पालथा ठेवला तर नाही. आता लेकराला १३ करायला सांगा. ८, ४ आणि १ उघडे, बाकी पालथे. ० ते ३१ पर्यंत कुठलाही आकडा या पाच तुकड्यांत बसतो आणि प्रत्येक आकडा एकाच प्रकारे बसतो. सहावा तुकडा किती ठिपक्यांचा हवा, हे पोरगं स्वतः सांगतं, ३२. कॉम्प्युटरच्या आत सगळं असंच उघडं आणि पालथं असतं. मोबाइलमधला फोटोसुद्धा.

दुसरा खेळ तराजूचा. वेगवेगळ्या वजनाच्या, पण दिसायला सारख्या पाच पुरचुंड्या बांधा. मापं वापरायची नाहीत, फक्त एका पारड्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी. हलकीपासून जडपर्यंत ओळ लावायची आणि किती वेळा तोललं ते मोजायचं. आधी सगळ्यात जड शोधा, मग राहिलेल्यांतली जड, असं केलं तर ४, ३, २, १ मिळून १० वेळा तोलावं लागतं. चलाख पोरगं वेगळं करतं. लावलेल्या ओळीत नवी पुरचुंडी घालायची असली की आधी ओळीच्या मधल्या पुरचुंडीशी तोलतं, मग अर्ध्याच भागात बघतं. असं केलं तर ८ मध्ये काम होतं. ७ मध्येही बसतं, पण ते मोठ्यांनाही घाम फोडतं. काम तेच, पण कमी कष्टात कसं करायचं, हा विचार म्हणजे प्रोग्रामिंगचा गाभा. तो तराजूवर जितका पटकन कळतो तितका पडद्यावर कळत नाही.

नंतर कासव. १९६७ मध्ये अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी लेकरांसाठी लोगो नावाची भाषा केली. पुढं तिच्यात एक कासव आलं. त्याला 'पुढं १००', 'उजवीकडं वळ ९०' असं सांगितलं की ते रेघ मारत चालतं. हे चार वेळा केलं की चौकोन झाला. के-टर्टल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर मिंटमध्ये टाकलं की हे कासव घरी येतं.

खरी गंमत त्रिकोणाला येते. त्रिकोणाचा कोन ६० अंशाचा, हे पुस्तकात असतं. लेकरू 'उजवीकडं ६०' असं तीन वेळा लिहितं आणि त्रिकोण जुळतच नाही, कासव भलतीकडं जातं. उत्तर सांगू नका. लेकराला अंगणात उभं करा आणि त्यालाच कासव करा. सरळ चाल, कोपऱ्यावर वळ, पुन्हा चाल. मग त्याच्या ध्यानात येतं की आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो. पूर्ण फेरी मारून तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला येतं म्हणजे एकूण ३६० वळलो. तीन कोपऱ्यांत वाटलं तर प्रत्येकी १२०. षटकोनाला ६०. एवढं कळलं की पोरगं पाटीवरची भूमिती पायानं शिकलं.

लहानग्यांसाठी जीकॉम्प्री आहे, चित्रासाठी टक्स पेंट, टायपिंगसाठी टक्स टायपिंग. स्क्रॅचमध्ये रंगीत ठोकळे जोडून गोष्टी आणि खेळ करता येतात. त्यावर जास्त लिहित नाही, पोरं आपोआप शिकतात.

दहा-बारा वर्षांनंतर पायथन घ्यावं. नेदरलँडच्या ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ती भाषा लोकांसाठी आणली. थोनी नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाका, ते एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठानं शिकणाऱ्यांसाठीच केलंय. प्रोग्राम एक-एक पायरीनं कसा चालतो ते त्यात दिसतं. मराठी माध्यमाच्या लेकरांसाठी चांगली गोष्ट म्हणजे पायथनमध्ये नावं देवनागरीत देता येतात. 'सकाळचे_दूध', 'दर', 'एकूण' अशी नावं चालतात, फक्त मधी मोकळी जागा सोडायची नाही. हुकूम मात्र इंग्रजीतच राहतात, पण ते सुरुवातीला पंधरा-वीसच लागतात. प्रोग्राममध्ये आकडा थेट लिहिताना इंग्रजी अंक लागतो. पण चालू प्रोग्रामनं 'सकाळी किती लिटर?' असं विचारल्यावर देवनागरी ५ टाकला आणि प्रोग्राममध्ये त्याचा आकडा करून घेतला, तर पायथन तो बरोबर ओळखतं.

पहिला प्रोग्राम घरच्या उपयोगाचा असावा. सकाळी ६ लिटर, संध्याकाळी साडेपाच, दर ३४ रुपये. ११.५ गुणिले ३४ म्हणजे ३९१ रुपये. मग दहा दिवसांचं एकत्र. मग फॅट कमी-जास्त झालं तर दर बदलायचा. दूध डेअरीची पावती आणि लेकराचा हिशोब जुळवून बघा. नाही जुळला तर चूक प्रोग्रामात आहे की पावतीत, हे शोधण्यात दोन दिवस जातील आणि त्या दोन दिवसांत ते जे शिकेल ते क्लासच्या महिन्यात शिकणार नाही. पायथन चूक दाखवतं तेव्हा लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो. घाबरायचं नाही, शेवटची ओळ आधी वाचायची. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं.

आम्हालाच येत नाही, शिकवणार कोण?

हा प्रश्न सगळ्यांचाच. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रकल्प याच्यासाठीच आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी तो उभा केला, केंद्राच्या शिक्षण खात्यानं पैसा दिला. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ धडे, पूर्ण मोफत. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, के-टर्टल असे विषय आहेत. बऱ्याच धड्यांना मराठी आवाज दिलेला आहे. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. वापरायची पद्धत त्यांनीच सांगितलीय : अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं काम. थांबवायचं, करून बघायचं, पुढं जायचं. नुसता व्हिडिओ बघून झोपायचं नाही.

आईबापानं मास्तर व्हायची गरज नाही. रोज 'आज काय केलंस, मला करून दाखव' एवढं विचारलं तरी पुष्कळ. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावर २००७ मध्ये एकशिक्षकी शाळेत प्रत्येक लेकराला 'एक्सओ' हा छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप दिला होता. त्यात शुगर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर होतं. लॅपटॉप लेकरांबरोबर घरी जात होते. तिथं एका मास्तरवर चार इयत्ता होत्या, म्हणजे सगळं शिकवायला वेळ कुणाला होता? लेकरं एकमेकांना दाखवत शिकली.

लाइटीची अडचण डेस्कटॉपला जास्त, लॅपटॉपला कमी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी किती वेळ टिकते ते घेतानाच तिथं उभं राहून बघा. लॅपटॉप जमतच नसेल तर मोबाइलवर टर्मक्स हे मुक्त ॲप टाकून पायथन चालतं. ते एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून घ्यावं. ओटीजी केबलनं साधा कीबोर्ड जोडा, नाहीतर बोटं दुखून पोरगं दोन दिवसांत सोडून देईल.

कागदाचं काय?

घरी शिकलेल्याला दाखला मिळत नाही, म्हणून ही बाजू आधीपासून धरून ठेवा. दहावीला तीन वाटा आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. त्याच्या तारखा मंडळ दर वर्षी जाहीर करतं आणि त्या चुकल्या की वर्ष जातं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, तिला एनआयओएस म्हणतात. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, मराठी माध्यम आहे, परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिथं दहावीला डेटा एन्ट्री ऑपरेशन्स आणि बारावीला कॉम्प्युटर सायन्स हे विषयही घेता येतात. तिसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची, तिथं पाचवी आणि आठवीच्या पातळीचीही परीक्षा देता येते. लहान लेकरांना याचा उपयोग होतो.

सरकारी भरतीत एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र मागतात, त्याला घरचं लिनक्स पर्याय होत नाही. ते वेळ आल्यावर वेगळं करावं. घरी नीट शिकलेल्या पोराला तो कोर्स जड जाणार नाही.

आधार कार्ड आणि जन्मदाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का, हे आजच बघून घ्या. फॉर्म भरायच्या दिवशी तिथंच गाडी अडते.